दोन मिनिटं बोलू का?

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभरात घरच्या माणसांपेक्षा परकी माणसंच माझ्याशी जास्त बोलली. सकाळी कुकरची शिट्टी होते न होते तोच एकाने विचारलं, "मॅडम, आनेकलजवळचा आमचा लेआउट बघितलात का?" मी न बघितलेल्या जमिनीबद्दल त्याला केवढा उमाळा! दुपारी कपाळाला बाम चोळून आडवी झाले, तर क्रेडिट कार्डवाली. संध्याकाळी तर समोर माणूससुद्धा नव्हता, रेकॉर्ड केलेली बाई होती. मी तिच्यावर ओरडत होते आणि ती गोड आवाजात पुढचं सांगतच होती.

आमचे हे, श्रीरंग, म्हणतात, "अनोळखी नंबर उचलू नकोस." स्वतः मात्र उचलतात आणि "सॉरी अण्णा, नको," म्हणून ठेवतात. सॉरी कशाबद्दल? आपल्या घरात चिखलाचे पाय घेऊन येणाऱ्याची माफी आपण मागायची?

माझी पद्धत वेगळी आहे. मी उचलते, पूर्ण ऐकून घेते, आणि मग बोलते. कन्नडवाल्याशी कन्नडमध्ये, हिंदीवाल्याशी हिंदीत. फारच चीड आली की मराठीत. या कन्नड मुलखात मराठी त्यांना कळत नाही, त्यामुळे तिच्यात हवं तसं बोलता येतं. "कुठल्या उकिरड्यावरून उठून आलास रे," असं शांत, जवळजवळ प्रेमळ सुरात म्हणायचं. समोरचा गोंधळतो. "सरी मॅडम," म्हणून होकार देतो. मला जेवण बरं जातं.

एरवी मी तशी मऊ बाई आहे. गॅलरीत कबुतराचं पिल्लू मेलं तेव्हा दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. पण या फोनवाल्यांबद्दल मला काहीच वाटत नाही. ती माणसं नव्हेतच, चिलटं आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गावातल्याच शिवाजीनगरला सरस्वतीआत्यांकडे जाऊन आले. वडिलांच्या या चुलतबहिणीने आई गेल्यावर दोन वर्षं माझ्या वेण्या घातल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या आपल्या मराठी समाजाच्या इमारतीत, हॉलच्या मागच्या खोलीत राहतात. भाडं नाही. हॉल उघडायचा, झाडायचा, लग्न-बारशाला पितळी भांडी मोजून द्यायची नि मोजून परत घ्यायची. समाजात असं एकही कार्य नसेल ज्याचा आदल्या दिवशीचा केर त्यांनी काढला नाही.

आता कमिटीच्या डोक्यात नवंच आलंय. खालचा सगळा मजला एका कोचिंग क्लासला भाड्याने द्यायचा, आत्यांच्या खोलीसकट. दोन मार्चला सर्वसाधारण सभा आहे, तिथे ठराव येणार.

सेक्रेटरी मोहनकुमार तिथेच भेटले. मी विचारलं, "आणि आत्या?"

"बघू की हो, अहल्याक्का. त्यांची सोय बघू."

या माणसाचं हे "बघू" मी लहानपणापासून ऐकतेय. बघत काहीच नाही. शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावतो आणि कधी सही करायची वेळ आली की तिसऱ्याचं मागतो.

आत्या दारात बसून शेंगा सोलत होत्या. त्यांचा आनेकलला एक भाचा आहे, वासुदेव. कारखान्यात कामाला जातो. दोन खोल्या आणि पाच माणसं. "तसंच झालं तर त्याच्याकडे जाईन," म्हणाल्या. ज्यांचा हात इतकी वर्षं सगळ्या समाजाच्या चुलीला लागला, त्यांनी या वयात कुणाच्या पायाशी पथारी टाकायची?

मी म्हटलं, "आत्या, ठराव मी पडायला लावते. माणसं मी आणते."

त्यांनी माझ्या हातावर सोललेल्या शेंगा ठेवल्या. "सरी," म्हणाल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

कामाला सुरुवात केली. समाजाच्या कामासाठी वेगळं सिमकार्ड घेतलंय. माझा स्वतःचा नंबर सगळ्या गावात कशाला वाटू? लोक वाटेल तेव्हा फोन करतील.

लेकाच्या, अर्णवच्या खोलीत बसून फोन करते. तो पुण्याला नोकरीला गेल्यापासून खोली तशी पडूनच आहे. पलंगावर धुऊन आलेल्या साड्या, कोपऱ्यात श्रीरंगनी घेतलेली आणि चार वेळा चालवलेली व्यायामाची सायकल. पण उजेड चांगला आहे आणि दार लावून घेता येतं.

मोहनकुमारनी व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर नोटीस टाकून आपलं काम संपवलं. खाली वीस जणांचे जोडलेले हात. त्यातला एकही हात वर होणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी ठरवलं, एकेका घरी फोन करायचा, तोंडाने बोलायचं.

पहिल्या फोनला: "नमस्कार, दोन मिनिटं बोलू का?" कट.

दुसरा: "नमस्कार, मी समाजाकडून..." कट.

तिसऱ्या घरी एका मुलीने उचलला. "नको आंटी, आम्हाला इंटरेस्ट नाही." कशात इंटरेस्ट नाही ते तरी ऐक, गाढवे!

दुपारपर्यंत पाचसहा जणांनीच ऐकून घेतलं असेल. त्यातल्या एकीने मध्येच "एक मिनिट हं," म्हणून फोन बाजूला ठेवला तो ठेवलाच. आतून टीव्ही ऐकू येत होता. मी बराच वेळ थांबले.

काय ही माणसं! कुणीतरी आपलेपणाने फोन करतंय, त्याचा आवाज ऐकायचीही फुरसत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आता जरा तंत्र जमलंय. सकाळी करायचे नाहीत, घाईत असतात. दुपारच्या जेवणाच्या वेळी करायचे. हात खरकटा असतो, स्क्रीन पुसायची पंचाईत, म्हणून स्पीकरवर टाकतात आणि मग ऐकावंच लागतं. सुरुवातीला सभेचं नाव काढायचं नाही. आधी नाव घेऊन "कशा आहात?" विचारायचं. समोरचा कोण ते आठवायच्या भानगडीत पडला की आपण मुद्द्यावर यायचं. "नको" म्हणाले तरी ते ऐकलंच नाही असं दाखवून पुढे बोलायचं.

जे कट करतात त्यांना श्रीरंगच्या फोनवरून करते. तिथेही जमलं नाही तर शेजारच्यांच्या लँडलाइनवरून. आज आमच्या जयनगरमधल्याच एका घराला तीन वेगवेगळ्या नंबरांवरून लावला. तिसऱ्या वेळी बाई चिडून म्हणाल्या, "तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?"

मी म्हटलं, "हाच उद्योग आहे माझा." ठणकावून म्हटलं. नंतर छान वाटलं.

एक नोंद करून ठेवते. आज मला आलेल्या फोनांमध्ये एक जण विम्याचा होता. त्याने "नमस्ते अहल्या मॅडम, कैसे हैं आप?" अशी सुरुवात केली. ओळख नसताना नाव घेऊन खुशाली विचारणारा माणूस किती निर्लज्ज असावा! त्याला असा झापला की मधेच फोन ठेवून पळाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सरस्वतीआत्या आल्या होत्या. बसने, हातात मेतकुटाची बाटली. मी म्हटलं, "कशाला आलात एवढ्या उन्हात?" तर म्हणाल्या, "तू माझ्यासाठी घसा कोरडा करतेस, मला बसवेना."

घर फिरून पाहिलं. अर्णवच्या खोलीच्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. "केवढी उजेडाची खोली गं," म्हणाल्या.

"हो ना. तुमच्यासाठीचे सगळे फोन इथूनच करते, आत्या."

पलंगावरच्या साड्यांची चळत तिरकी झाली होती, ती सरळ करून त्या बाहेर आल्या.

कॉफी पुढ्यात ठेवली तोच माझा फोन वाजला. पर्सनल लोन. मुलगी कन्नडमध्ये दोन मिनिटं मागायला लागली, "मॅडम, एरडु निमिष..." मी हातानेच आत्यांना थांबायची खूण केली आणि मराठीत सुरू केलं. मनसोक्त. तुझ्यासारख्यांना दारातसुद्धा उभं करू नये, भिकाऱ्यालाही तुझ्यापेक्षा लाज असते, तो निदान एकदा नाही म्हटलं की पुढच्या घरी जातो. वगैरे.

पलीकडून बारीक आवाज: "बाई, मला मराठी कळतंय. मी निपाणीची आहे."

क्षणभर अडखळले, खोटं कशाला लिहू. पण त्या वेळी आवाज खाली आणणं म्हणजे हार. म्हटलं, "कळतंय ना? मग बरं झालं. आता घरी जाऊन आईला शब्दन् शब्द सांग." आणि ठेवला.

मी आत्यांकडे पाहून हसले. त्या हसल्या नाहीत.

"पोर रडत होती काय गं?"

"रडायचंसुद्धा ट्रेनिंग असतं त्यांना, आत्या."

त्यांनी अर्धी कॉफी तशीच ठेवली. बस चुकेल म्हणाल्या. मी म्हटलं, श्रीरंग स्कूटरवर सोडतील. नको म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांना कशाकशाची घाई असते!

२२ फेब्रुवारी, शनिवार

समाजातली शिल्पाश्री, ती लग्नांत मेंदी काढणारी चुणचुणीत मुलगी, तिने आज माझ्या स्वतःच्या नंबरवर मेसेज केला. सोबत तिच्या फोनच्या पडद्याचा फोटो. माझ्या नव्या सिमचा नंबर, लाल रंगात, आणि खाली: "फ्रॉड. बऱ्याच लोकांनी तक्रार केली आहे."

मी लगेच फोन लावला. "हे कुणी केलं?"

"एकट्याने कुणी नाही, अक्का. पुष्कळांनी दाबलं की तसं येतं. आणि आधी एक मेसेज तरी टाकायचा ना, की मी अमुकअमुक, फोन करू का म्हणून?"

"सभेचं बोलावणं द्यायला परवानगी मागायची? आपल्यात बोलावणं करायला गेल्यावर कुणी दार लावून घेत नसे, शिल्पा."

"दारात माणूस दिसतं, अक्का. इथे नुसता नंबर."

मोठी आली शहाणी. मी तिला सांगितलं की माझ्या आवाजावरून माणसाला कळायला हवं, की ही काही विकणारी बाई नाही. आवाजात फरक असतो. कान असले तर कळतं.

तरी ज्यांनी पूर्ण ऐकलं त्यातले पुष्कळ "नक्की येतो" म्हणालेत. मी त्यांना धरून चाललेय. शब्द देणारी माणसं अजून संपलेली नाहीत.

२ मार्च, रविवार

संपली आहेत.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, अर्थात आत्यांनीच. सभेची वेळ झाली तेव्हा कमिटी, तिचे जावई-मेहुणे, मी, श्रीरंग, शिल्पाश्री आणि मागे दोनतीन म्हातारे. "नक्की येतो" म्हणणाऱ्यांपैकी एकही चेहरा नाही. मी दाराकडे बघत उभी होते. बाहेर रिक्षा थांबली की पुढे जायचे. कुणी तरी पलीकडच्या बिर्याणीच्या दुकानात उतरायचं.

मनात म्हटलं, ठीक आहे. कोरम नाही, म्हणजे सभाच नाही. आत्यांना वेळ मिळाला. हायसं वाटलं.

मोहनकुमार उठले. "कोरमअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे." मग घड्याळ पाहिलं. "नियमाप्रमाणे हीच सभा अर्ध्या तासाने याच ठिकाणी भरेल, तिला कोरमची अट नाही. तोवर कॉफी घ्या."

नोटिशीच्या तळाशी ते लिहिलेलं होतं म्हणे. मी नोटीस पूर्ण वाचली नव्हती. ग्रुपवर आलेलं कोण वाचतं?

अर्धा तास सगळ्यांनी कॉफी प्यायली. ती आत्यांनीच केली होती. त्यांनाच उचलून टाकायचा ठराव ज्यांच्या खिशात होता, त्यांना त्या "साखर पुरे का?" विचारत होत्या. आणि ती माणसं, गेंड्याच्या कातडीची, "स्वल्प घाला," म्हणत होती.

ठराव पास झाला. विरोधात आमचे चार हात. चौथा मागच्या नरसिंगरावांचा. बाहेर पडताना ते म्हणाले, "महिनाभर एका बाईचे फोन येत होते, दर वेळी वेगळ्या नंबरवरून. शेवटी नातवाने सगळे ब्लॉक करून टाकले. आत्ता आवाज ऐकला तेव्हा लक्षात आलं. तुम्हीच काय त्या?"

म्हणजे या माणसाने मला महिनाभर तसली फोनवाली समजलं. तरी बरं, हात वर केला.

मोहनकुमार कुलूप लावताना म्हणाले, "अहल्याक्का, तुम्ही माणसं आणणार होतात ना?" मी उत्तर दिलं नाही. या माणसाला उत्तर देणं म्हणजे त्याला आहे त्यापेक्षा मोठं करणं.

स्कूटरवर श्रीरंग सिग्नलला थांबले असताना म्हणाले, "अर्णवची खोली आहे की आपल्याकडे."

मला कळेचना काय बोलतायत. मग कळलं. घरी आल्यावर चिडून विचारलं, "हे तुम्ही महिनाभर आधी का नाही सुचवलंत?"

"तू फोनवर होतीस," श्रीरंग म्हणाले.

९ मार्च, रविवार

आठवडा खोलीत गेला. साड्या माझ्या कपाटात हलवल्या. व्यायामाची सायकल श्रीरंगच्या डोळ्यांदेखत भंगारवाल्याला दिली. गादी नवी घेतली, फार मऊ नाही, आत्यांना पाठीचा त्रास आहे. खिडकीला फिका पडदा. न्हाणीघरात धरायला दांडा लावून घेतला. अर्णवला विचारलं तर म्हणाला, "आई, विचारतेस काय? मस्तच." माझं लेकरू.

आत्यांना अजून काही कळवलेलं नाही. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते. खोली तयार झाली की जाऊन घेऊनच यायचं. कमिटीने महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय, घाई नाही. मोहनकुमारचा चेहरा बघायचा आहे मला, आत्या त्यांच्या नाकासमोरून माझ्याबरोबर बाहेर पडतील तेव्हा.

१३ मार्च, गुरुवार

शिवाजीनगरला गेले, तर खोलीला कुलूप. आत्या सोमवारीच आनेकलला गेल्या. किल्ल्यांचा जुडगा कमिटीच्या टेबलावर ठेवून, पितळी भांडी मोजून देऊन. मुदत संपेपर्यंत थांबल्याच नाहीत. या वयातही केवढा ताठा! मला आवडलं ते. रविवारी आनेकलला जाईन आणि घेऊन येईन.

१६ मार्च, रविवार

आनेकल. परत येताना बसमध्ये सुचेल तसं मनात मांडत आले, आता लिहितेय.

वासुदेवचं घर कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आहे. दोन खोल्या, बाहेर नळ, नळाला रांग. आत्या उंबऱ्यावर बसून वासुदेवच्या धाकटीचे केस विंचरत होत्या. मला बघून उठल्या, "आलीस? पाणी देऊ?" एका खोलीत भिंतीशी त्यांची वळकटी होती. वर देवांची पेटी. बस्स.

मी सगळं सांगितलं. गादी, पडदा, न्हाणीघरातला दांडा. त्या ऐकत होत्या. मुलीचे केस विंचरून झाले, तिला खेळायला पाठवलं.

"खूप केलंस गं," म्हणाल्या. "माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही. पण मी येत नाही, अहल्या."

मला वाटलं, संकोच. म्हटलं, "परकं समजू नका. तुमचंच घर आहे."

"तसं नव्हे." त्या फणीतले केस काढून बोटाला गुंडाळत होत्या. "त्या दिवशी तू निपाणीच्या पोरीला बोललीस ना, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा होता तसा. पण तो फक्त बाहेरच्यांसाठी. मोलकरीण, दूधवाला, दारावर आलेला कुणी. आम्हाला कधी नाही, आम्ही घरचे. फार मायेच्या होत्या. मग आमचे हे गेले. आणि महिन्याभरात मी बाहेरची झाले."

"आत्या, मी तुमच्याशी कधी तरी तसं बोललेय का?"

"नाही गं पोरी." त्या हसल्या, अगदी मायेने. "अजून मी तुझ्या दारात पाहुणी आहे ना."

"आणि इथे? इथे तुम्ही कोण आहात?"

"इथे वासुदेव माझ्यावर रोज ओरडतो. बायकोवर ओरडतो, पोरांवर ओरडतो, नळावरच्या लोकांवर ओरडतो. सगळ्यांना एकच आवाज. त्याचं मला काही वाटत नाही."

मला राग आला. एका फोनवालीसाठी! चार शब्द ऐकून पगार मिळवणारी कुठली कोण मुलगी, आणि तिच्यापायी माझ्या वेण्या घालणारी आत्या नळाच्या रांगेत उभी राहणार? मी तसं म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. शब्द जिभेवर आले आणि ज्या सुरात ते येणार होते तो सूर मला आधीच ऐकू आला. तोंड मिटून घेतलं.

आत्यांनी पाहिलं. पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

बस मिळेपर्यंत त्या माझ्याबरोबर नाक्यावर उभ्या राहिल्या. बस आली तेव्हा म्हणाल्या, "येत जा."

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या अलीकडे गाडी अडकली आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, म्हणून उचलला. "हॅलो," म्हटलं.

पलीकडे कुणीतरी बोलू लागलं. बाई की मुलगी, कन्नड की हिंदी, मी ऐकतच नव्हते. आत्ता मी जो "हॅलो" म्हटला होता तो कुठल्या आवाजातला होता, ते आठवायचा प्रयत्न करत होते.